बाईंना दाणा चालत नाही

चिनू आणि सानू,

परवा तुमच्या आईचा फोन आला. चिनूचं टॉन्सिलचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलंय आणि त्याला अंडं चालत नाही हे तिथल्या नर्सला सांगायची वेळ आली तेव्हा तो आईच्या पाठीमागे लपला, म्हणे. कारण काय, तर सगळे बघतात. तुमची आई हसत सांगत होती. मला काही हसू आलं नाही. फोन ठेवला आणि माझ्या डोळ्यांपुढे बाई उभ्या राहिल्या. त्यांच्याबद्दल मी तुम्हाला कधीच काही सांगितलेलं नाही. ऑपरेशनच्या आधी हे तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून आज लिहायला बसले आहे. मराठी अडलं तर आईकडून वाचून घ्या, पण आजीचं हे पत्र पूर्ण वाचा.

बाईंचं नाव लिहीत नाही. सोलापुरात आमच्या मुलींच्या शाळेत नुसतं ‘बाई’ म्हटलं की एकच अर्थ होत असे, मुख्याध्यापिका. सत्तरनंतरची ती वर्षं. मी नवी लग्न होऊन आलेली, इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, आणि शाळेतली सगळ्यांत लहान शिक्षिका. घरी सासूबाईंसमोर आणि शाळेत बाईंसमोर माझा आवाज फुटत नसे. वर्गात तेवढी मी बोलत असे.

बाई उंच होत्या, चांगल्या पाच फूट आठ इंच तरी असतील. बारीक काठाची पांढरी सुती साडी, हातात पुरुषी घड्याळ आणि खांद्याला एक जाड कापडी पिशवी. त्या पिशवीत पितळेचा डबा. शाळेत, लग्नात, बारशाला, शिक्षणाधिकाऱ्यांच्या चहापानाला, कुठेही गेल्या तरी तो डबा बरोबर असे. समोर काहीही आलं की आधी त्या वाकून त्याचा वास घेत. एकदा कलेक्टरांच्या पत्नी शाळेत आल्या होत्या, त्यांनी प्रेमानं पुढे केलेल्या चिवड्याचाही बाईंनी असाच वास घेतला आणि बशी सरळ परत सरकवली. आम्ही सगळ्या शिक्षिका खाली जमिनीकडे पाहत बसलो होतो.

कारण एकच, शेंगदाणा. बाईंना दाणा चालत नसे. नुसता आवडत नसे असं नाही. पोटात गेला तर ओठ सुजत, अंगावर गांधी उठत आणि श्वास कोंडत असे. आज याला नाव आहे, तुमच्याकडे तर डब्यावर छापलेलं असतं. तेव्हा आम्हाला ते नाव ठाऊक नव्हतं. आणि सोलापूर म्हणजे शेंगांचं गाव. भाजीत कूट, आमटीत कूट, कोशिंबिरीत कूट, भाकरीबरोबर शेंगांची चटणी आणि फोडणीला शेंगतेल. ‘सोलापुरात राहून दाणा टाळायचा म्हणजे पाण्यात राहून अंग कोरडं ठेवायचं,’ असं बाईच म्हणत. त्यांच्या घरी करडईचं तेल असे, चटणी जवसाची किंवा कारळाची.

शाळेत त्यांचा एक नियम होता. मधल्या सुट्टीनंतर प्रत्येक मुलीनं नळावर साबणानं हात धुऊनच वर्गात यायचं. वह्या तपासायला आल्या की बाई वहीला बोट लावण्याआधी मुलीचे हात बघत. पालक म्हणत, काय स्वच्छतेचं वेड आहे बाईंना. बाई तो समज दूर करत नसत. ‘चांगली सवय चुकीच्या कारणानं लागली म्हणून काही बिघडत नाही,’ असं मला एकदा म्हणाल्या होत्या.

पण सगळीकडे गैरसमज इतका स्वस्तात सुटत नसे. आमच्या शाळेत विणकरांच्या पुष्कळ मुली होत्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या. त्यांतल्या एकीच्या थोरल्या बहिणीच्या लग्नाला आम्ही गेलो होतो. पंगत बसली आणि बाईंनी पानाशेजारी आपला पितळेचा डबा काढला. मुलीचे वडील वाढत वाढत आले, डबा पाहून थांबले आणि हात जोडून हळूच म्हणाले, ‘आमच्या हातचं चालत नाही का बाई?’ सगळी पंगत बाईंकडे बघू लागली. आमच्याकडे कुणी जेवण नाकारलं की लोकांच्या मनात पहिली जात येते, हे तुम्हाला तिथे बसून कळणं अवघड आहे. बाई उठून उभ्या राहिल्या आणि वर्गात बोलतात त्या आवाजात म्हणाल्या, ‘तुमच्या हातचं चालतं. शेंगदाणा चालत नाही. तो खाल्ला तर मी इथे मांडवातच मरेन. तुमच्या घरचा भात, तुमच्या घरचं दही आणि तूप वाढा, पळी मात्र धुऊन घ्या.’ मग डबा बंद करून पिशवीत टाकला आणि त्या घरचा दहीभात बोटं चाटून खाल्ला.

परतताना टांग्यात मी भीत भीत म्हटलं, बाई, एवढं सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं का? त्या माझ्याकडे वळल्या. ‘हे बघ, “नको” म्हटलं की माणसं आग्रह करतात. “चालत नाही” म्हटलं की कारण विचारतात. “मरेन” म्हटलं की हात थांबतो. मी आपली पहिल्यांदाच शेवटचं सांगते.’

त्यांचं माहेर बार्शीचं. वडिलांची आणि पुढे थोरल्या भावाची तिथे आडत होती, भुईमुगाच्या शेंगांची. घराच्या पुढच्या भागात शेंगांच्या पोत्यांची थप्पी आणि मागे माणसं राहत, अशा घरात या वाढल्या. लहानपणी दोनदा मरता मरता वाचल्या. घरच्यांना वाटलं, पोरीला दृष्ट लागते. जरा मोठ्या होऊन त्या स्वतःच सांगू लागल्या की दाण्यानं होतं, तेव्हा कुणाला ते पटलं नाही. ज्या शेंगेवर घर चाललं ती शेंग घरच्याच मुलीला मारेल कशी? लक्ष्मीला नावं ठेवते असं म्हणून त्यांना बोलणी बसली. शिक्षणाच्या निमित्तानं बाई सोलापुरात आल्या त्या परत राहायला म्हणून गेल्या नाहीत. लग्न केलं नाही. याचंही कारण त्यांनी एकदा एका वाक्यात सांगितलं होतं, ‘परक्या स्वयंपाकघरात रोज नव्यानं कोण सांगत बसणार?’

आता दवाखान्याचं सांगते.

बाईंच्या पित्ताशयात खडे झाले. दुखणं त्यांनी वर्षभर अंगावर काढलं, शेवटी शाळेतच कळवळून खाली बसल्या. ऑपरेशन ठरलं. दवाखाना धर्मादाय होता, चांगला होता. मोठ्या डॉक्टरांना बाईंनी भेटल्या भेटल्या दाण्याचं सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, ‘बाई, दाणेच काय, तुम्हाला पंधरा दिवस तेलकट काहीच मिळायचं नाही. निश्चिंत राहा.’ बाईंनी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा मान डोलावली आणि केसपेपरवर तेलकट बंद असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला ऑफिसात बोलावलं. दवाखान्यात आपल्याजवळ राहायला कोण, याची त्यांनी निवड केली होती आणि ती मी होते. मी गार पडले. वयानं मोठ्या, अनुभवी अशा कितीतरी जणी होत्या. बाई म्हणाल्या, ‘त्यांना इंग्रजी येत नाही. डॉक्टरांना मराठीत सांगितलं की पथ्य वाटतं, इंग्रजीत सांगितलं की आजार वाटतो.’ मग त्यांनी माझ्याकडून एक इंग्रजी वाक्य पाठ करून घेतलं. या बाईंच्या पोटात शेंगदाणा गेला आहे आणि त्यावर आत्ता उपाय केला नाही तर त्या मरतील, असा त्याचा अर्थ. मला इंग्रजी शिकवता येत होतं, पण ते वाक्य म्हणताना माझी जीभ अडखळत होती. बाईंनी ते मला उभं करून म्हणायला लावलं, मग खिडकीशी जाऊन मोठ्यानं म्हणायला लावलं.

बायकांच्या वॉर्डात खाट मिळाली आणि बाईंनी तिथे शाळाच उघडली. शेजारच्या खाटेवर कुंभारी गावची एक म्हातारी होती, पाय मोडलेली, तोंडानं तिखट. पलीकडे दोन बाळंतिणी, समोर दमेकरी, त्यांच्याजवळ राहणाऱ्या बायका, आया, झाडूवाली. सकाळी नर्सचा फेरा झाला की बाई उशीला टेकून बसत आणि विचारत, ‘मला काय चालत नाही?’

‘दाना, बाई,’ सगळ्या एका सुरात म्हणत.

‘कूट?’

‘न्हाय चालत.’

‘दाण्याचा लाडू? प्रसाद म्हणून कुणी दिला तर?’

‘तरी बी न्हाय.’

म्हातारी पदर तोंडाला लावून हसे. ‘बाई, माजी नातवंडं शाळंत गेली न्हाईत आन् मला तुमी वळीत बशिवलं की. आता पाडा बी म्हणून घ्या.’ नर्स हसायच्या. माझीसुद्धा भीती थोडी कमी झाली होती.

खालच्या मजल्यावर स्वयंपाकघर होतं. तिथल्या मावशी पहिल्या दिवशी रुसल्या, त्यांनाही जातीचंच वाटलं होतं. बाई पोटाला हात धरून जिना उतरून गेल्या आणि त्यांच्याकडून पेज मागून घेऊन तिथेच पाटावर बसून प्यायल्या. त्यानंतर मावशी बाईंची पेज वेगळ्या पातेल्यात ठेवू लागल्या. ती वर आणायचं काम माझं. दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची नाही, असं बाईंनी बजावलं होतं.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांचे केस विंचरत होते. त्यांच्या मानेला घाम आला होता. मला वाटलं उकडत असेल. मग पाहिलं तर मांडीवरच्या पितळेच्या डब्याचं झाकण त्या पुन्हा पुन्हा उघडून लावत होत्या. बाईंना भीती वाटते हे मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, ‘चाकूची भीती नाही गं मला. भूल उतरेपर्यंत आणि उतरल्यावरही दिवसभर मला धड बोलता येणार नाही. आजवर एवढा वेळ मी कधी गप्प राहिलेली नाही.’ मी वेणी घातली, पुन्हा सोडली, पुन्हा घातली.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर पाहून गेले. चमच्या-चमच्यानं पातळ पेज द्यायला हरकत नाही म्हणाले. बाई ग्लानीत होत्या. मी म्हातारीला ‘लक्ष ठेवा हं आजी’ म्हटलं आणि पेज आणायला खाली गेले.

मी खाली असताना वर बाईंच्या वहिनी आल्या. बार्शीहून पहिल्या एस.टी.नं निघाल्या होत्या. नऊवारी, कपाळभर कुंकू, हातात डबा. नणंदेची खबर कळली आणि राहवलं नाही म्हणून एकट्या आल्या होत्या, यात सगळं आलं. वाटेत जिन्यावर त्यांना कुणीतरी सांगितलं की पेशंटला आता पेज देणार आहेत. त्या दिवशी एकादशी होती. एकादशीला तांदूळ? त्यांच्या अंगावर काटा आला असणार. आजारात पाप घडू नये म्हणून त्यांनी आपला डबा उघडला. त्यात उपासाची भगर होती आणि आमटी. तुम्हाला माहीत नसेल, आमच्याकडे उपासाची आमटी दाण्याची करतात.

मी पेजेचं भांडं घेऊन दारात आले तेव्हा वॉर्डात कलकलाट चालू होता. म्हातारी मोडका पाय विसरून खाटेवर अर्धी उठली होती. ‘अवं बाई, देऊ नगा म्हणते की मी. त्यास्नी दाना न्हाय चालत.’ वहिनी तिच्याकडे पाठ करून, बाईंचं डोकं हातावर घेऊन, चमच्यानं त्यांच्या ओठांत वरचं निवळ पाणी सोडत होत्या आणि शांतपणे म्हणत होत्या, ‘उपासाचं कधी कुणाला बाधतं का? घे वन्सं, घे.’

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. वहिनींनी वाटी मांडीवर घेतली आणि माझ्याकडे पाहिलं, ही कोण पोर असं.

नंतरचं मला आजही नीट ओळीनं सांगता येत नाही. आधी बाईंचा हात गळ्याकडे गेला. मग ओठ फुगायला लागले, आमच्या डोळ्यांदेखत. गालावर, मानेवर लाल गांधी. छातीतून शीळ घातल्यासारखा आवाज येऊ लागला. डोळे उघडले होते आणि ते माझ्याकडे पाहत होते. बोलता येत नव्हतं. त्या ज्याला घाबरत होत्या ते हेच, आणि आता त्यांचा आवाज म्हणजे मी होते.

नर्स धावली, तिनं धाकट्या डॉक्टरांना आणलं. मोठे डॉक्टर शस्त्रक्रियेत होते. धाकटे माझ्याच वयाचे असतील, त्यांचं कपाळ घामानं भिजलं होतं. त्यांनी छातीला नळी लावली, कफ अडकला असेल म्हणाले, बसतं करा म्हणाले. वॉर्डातल्या बायका एकदम बोलत होत्या, दाना दिला, दाना दिला. ते वैतागून म्हणाले, सगळ्या गप्प बसा. आणि खरंच सगळ्या गप्प झाल्या. त्या शांततेत बाईंचा श्वास तेवढा ऐकू येत होता, आणि तोही कमी होत चालला होता.

मी पुढे झाले. ते वाक्य मी इंग्रजीत म्हटलं, बाईंनी खिडकीशी उभं करून म्हणायला लावलं होतं तसं. डॉक्टरांनी वळून पाहिलं. इंग्रजीतच विचारलं, खात्री आहे? मी म्हटलं, यांना लहानपणापासून होतं. ते म्हणाले, एक इंजेक्शन आहे, पण काल पोट उघडलेल्या, पन्नाशी उलटलेल्या बाईच्या हृदयाला त्याचा धक्का सोसेल की नाही सांगता येत नाही. नुसत्या संशयावर देणार नाही. शेंगदाणा गेल्याचं तुम्ही पाहिलं का?

मी पाहिलं नव्हतं. वाटीत काय होतं ते मी पाहिलं नव्हतं; बायकांनीही उपासाचं म्हणून अंदाजच बांधला होता.

डॉक्टर वहिनींकडे वळले आणि मराठीत विचारलं, ‘तुम्ही काय दिलं?’

‘पाणी दिलं,’ वहिनी म्हणाल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या हिशेबी ते पाणीच होतं, आमटीवरचं. पदराखाली वाटी त्यांनी घट्ट धरली होती. डॉक्टर पुन्हा नळीकडे वळू लागले.

मी वहिनींसमोर जमिनीवरच बसले. आयुष्यात मी वडीलधाऱ्या बाईला कधी उलटून बोलले नव्हते. मी म्हटलं, ‘वहिनी, त्यांच्या तोंडाकडे बघा. आणि मग सांगा.’

त्यांनी बघितलं. मला वाटतं चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी आपल्या नणंदेकडे तसं बघितलं असेल. कपाळावरचं कुंकू घामानं ओघळलं होतं. त्यांनी पदर बाजूला केला आणि वाटी दोन्ही हातांनी डॉक्टरांपुढे धरली.

‘दाण्याचंच हाय,’ त्या म्हणाल्या. ‘मी दिलं. ही लहानपणापासनं सांगत होती.’

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं.

मग वाट पाहणं. किती वेळ ते विचारू नका. म्हातारी डोळे मिटून पुटपुटत होती. मी बाईंच्या नखांकडे पाहत होते, ती निळसर झाली होती. वहिनी भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या, कुणी स्टूल पुढे केलं तरी बसल्या नाहीत. छातीतली शीळ आधी बारीक झाली. मला वाटलं, संपलं. पण मग एक लांब श्वास आला, त्याच्यामागे दुसरा. नखांचा रंग बदलला. डॉक्टर खिडकीशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

पुढचे आठ-दहा दिवस वहिनी बार्शीला गेल्या नाहीत. वॉर्डाच्या दाराशी बसून राहत. आत येणाऱ्या प्रत्येकाचा डबा थांबवत आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं सांगत, आमच्या वन्संना दाणा चालत नाही. बाईंचा आवाज परत आला तेव्हा तो घोगरा होता, पण मुख्याध्यापिकेचाच होता. ‘वहिनी, हळू. दवाखाना आहे हा.’ वहिनी म्हणाल्या, ‘असू दे की. ऐकू दे.’ त्या दिवशी त्या दोघींना मी एकत्र हसताना पाहिलं.

बाई नंतर पुष्कळ वर्षं जगल्या आणि म्हातारपणानं, आपल्या घरी, झोपेत गेल्या. वहिनीही गेल्या. तो दवाखाना पाडून तिथे कापडाची दुकानं झाली आहेत. धाकटे डॉक्टर कुठे असतात मला ठाऊक नाही.

मागच्या वर्षी एका लग्नासाठी बार्शीला गेले होते तेव्हा त्या घरी जाऊन आले. आडत केव्हाच बंद झाली. वहिनींच्या नातसुनेनं आग्रहानं बसवलं. नेमकी एकादशी होती. स्वयंपाकघरात दोन पातेली होती, एकात दाण्याची आमटी, दुसऱ्यात ताक आणि शिंगाड्याच्या पिठाची कढी. तिनं आधी कढी केली होती, हात धुऊन, वेगळ्या पळीनं, आणि आमटी नंतर. घरात कुणाला दाणा चालत नाही का, असं मी विचारलं. ती म्हणाली, तसं कुणी नाही, पण आमच्याकडे एकादशीला असंच करतात, आणि पाहुण्याला वाढायच्या आधी विचारतात. तिनं मलाही विचारलं. त्या घरात अजून विचारतात.